घरचा छळ आणि मालकाची जबाबदारी

नवरा बायकोला मारतो, हा त्या दोघांचा खाजगी मामला आहे, असे म्हणून हात झटकणारे आस्थापनाचालक अद्याप पुष्कळ आहेत. कायदा मात्र तसे मानत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याच्या अठराव्या कलमान्वये, छळ करणाऱ्याला पीडितेच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकण्यासही दंडाधिकारी मनाई करू शकतात. घरचा छळ कचेरीच्या दारापर्यंत येतो, हे संसदेने तेव्हाच ओळखले होते. परंतु त्या दारावरच्या वॉचमनला आदेशाची माहितीच नसेल, तर त्या कागदाचा उपयोग काय?

जुहूच्या समुद्रकाठची हॉटेले, तिथली इस्पितळे, शाळा-महाविद्यालये यांतून असंख्य स्त्रिया काम करतात. रात्री मार खाल्लेली परिचारिका सकाळी उशिरा पोचते. पुढे अर्जासाठी अंधेरीच्या न्यायालयात खेपा घालते. तीन लेटमार्क झाले की एक रजा गेली, रजा संपली की पगार गेला. वस्तुतः वेतन हेच तिच्या हातातले सौदाशक्तीचे साधन असते. त्याच्याच बळावर ती घर सोडण्याचा विचार करू शकते. ते कापणारा मालक नकळत मारणाऱ्याचा पक्ष घेत असतो.

फिलिपाइन्सने २००४ मध्ये अशा स्त्रियांना दहा दिवसांची भरपगारी रजा दिली; न्यूझीलंडमध्ये ती एप्रिल २०१९ पासून मिळते. आपल्या मालकांनी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रजेच्या नियमांत एका कलमाची भर पुरे. मात्र कारण एकाच विश्वासू अधिकाऱ्याला सांगावे लागावे, आणि पुरावा म्हणून वळ दाखवण्याची पाळी कोणावर येऊ नये. पगाराचे खाते बदलून मागितल्यास ते विनाचौकशी बदलावे. तिची पाळी केव्हा सुटते, हे फोनवरून कोणालाही सांगू नये. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने १९८४ मध्ये महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. अशा ठिकाणांची माहिती सूचनाफलकावर लावायला खर्च तो कितीसा?

आणि मालक म्हणजे केवळ कंपनी नव्हे. जुहू-पार्ल्याच्या घरांतून धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मालक आपल्यासारखेच पगारदार असतात. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्राने २००८ मध्ये केला खरा, तथापि खाडा झाल्यावर पैसे कापायचे की नाहीत, हे आपल्या स्वयंपाकघरातच ठरते. पोलिस चौकीपायी झालेला खाडा मोजू नये. महिनाअखेरीचे पैसे तिच्याच हाती द्यावेत. ते मागायला नवरा आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे.