हुर्यो नेमकी कोणाची?

आयपीएलच्या २०२४च्या हंगामात हार्दिक पंड्याच्या वाट्याला एक विलक्षण अनुभव आला. २४ मार्चला अहमदाबादेत गुजरातच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, कारण तो त्यांना सोडून गेला होता. आठवडाभरातच, १ एप्रिलला, मुंबईच्या प्रेक्षकांनी वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली, कारण तो त्यांच्याकडे आला होता. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगावे लागले. सामना सुरू असताना रोहित शर्मानेही हातानेच शांत राहण्याची खूण केली. घरच्याच मैदानावर, घरच्याच कर्णधाराविरुद्ध उठलेला तो आवाज क्रिकेटच्या पंढरीला नवा होता. त्या आवाजामागचे कारण मात्र अजूनही नीट उलगडले गेलेले नाही. जुना खेळाडू जुन्या संघात परतल्याचा तो राग होता, की आणखी कशाचा?

घटनाक्रम पाहिला तर उत्तराची दिशा सापडते. २०१५च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने पंड्याला अवघ्या १० लाख रुपयांत घेतले. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० या चार विजेतेपदांत त्याचा वाटा होता. २०२२च्या महालिलावापूर्वी मुंबईने रोहित शर्मा, जसप्रीत बुमराह, सूर्यकुमार यादव आणि किरॉन पोलार्ड या चौघांना राखले आणि पंड्याला मोकळे केले. नव्याने स्थापन झालेल्या गुजरात टायटन्सने त्याला १५ कोटी रुपयांत घेऊन कर्णधार केले. पहिल्याच हंगामात त्याने विजेतेपद मिळवून दिले आणि २०२३मध्ये संघाला पुन्हा अंतिम फेरीत नेले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी गुजरातने राखलेल्या खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव होते. दुसऱ्याच दिवशी तो मुंबईचा झाल्याचे जाहीर झाले. या हस्तांतरणासाठी मोजलेली रक्कम जाहीर करण्यात आली नाही. पंड्यासाठी पैशांची जुळवाजुळव व्हावी म्हणून कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूकडे धाडण्यात आले.

येथपर्यंतच्या घडामोडींवर चाहत्यांमध्ये जो वाद झाला, तो कोणत्याही देशात आणि कोणत्याही खेळात होतो तसाच होता. एक बाजू म्हणत होती की, मोकळे करण्याचा निर्णय मुंबईचा होता. मग त्याला गद्दार कसे म्हणायचे? शिवाय २०२२मध्ये मुंबई गुणतक्त्यात तळाला होती आणि संघाला अष्टपैलू खेळाडूची निकड होती. दुसरी बाजू विचारत होती की, ज्या संघाने विश्वासाने नेतृत्व सोपवले, त्याला दोन वर्षांत सोडून येणारा येथे तरी किती काळ टिकेल? दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण या वादाची हुर्यो झाली ती १५ डिसेंबर २०२३ नंतर. त्या दिवशी मुंबईने रोहित शर्माच्या जागी पंड्याची कर्णधार म्हणून नियुक्ती जाहीर केली. भविष्याची तयारी, असे कारण देण्यात आले. २०१३पासून नेतृत्व करून पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहितचा निरोप एका पत्रकात उरकला गेला.

केवळ परत येण्याने चाहते चिडत नाहीत, याचा दाखला नगर जिल्ह्यातच आहे. श्रीरामपूरचा झहीर खान आयपीएलच्या पहिल्या हंगामात बंगळुरूकडून खेळला. २००९मध्ये रॉबिन उथप्पाशी झालेल्या अदलाबदलीत तो मुंबईकडे आला, २०११च्या लिलावात पुन्हा बंगळुरूकडे गेला आणि २०१४मध्ये पुन्हा मुंबईत परतला. एकच खेळाडू दोन संघांत दोनदा परतला, पण ना बंगळुरूत वादळ उठले ना मुंबईत. कारण त्याच्या येण्याने कोणाची खुर्ची हलली नव्हती. गोलंदाज आला, त्याने चेंडू हाती घेतला, एवढेच. परदेशातही हेच दिसते. २०२१मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो बारा वर्षांनी मँचेस्टर युनायटेडकडे परतला तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डवर जल्लोष झाला. कर्णधारपद मात्र हॅरी मॅग्वायरकडेच राहिले.

याच जिल्ह्यातील खर्ड्याचा इतिहासही या संदर्भात आठवण्याजोगा आहे. मार्च १७९५मध्ये शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पेशव्यांच्या फौजांनी खर्ड्याच्या लढाईत निजामाला नमवले. पुढच्या तहात मुलूख आणि खंडणीबरोबरच एक माणूसही मागून घेण्यात आला. तो होता निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क. त्याला मराठ्यांच्या हवाली करण्यात आले आणि पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. सवाई माधवरावांच्या अकाली मृत्यूनंतर पुणे दरबारात जे राजकारण झाले, त्याचा लाभ उठवून तो सुटला, हैदराबादेस परतला आणि पुन्हा दिवाण झाला. तहात सोपवलेला माणूस जुन्या दरबारात जुन्याच आसनावर बसला. राजकारण आणि खेळ यांची तुलना ओढूनताणून करू नये. परंतु परतणाऱ्याबद्दलचा कौल त्याला कोणते आसन मिळते आणि त्यासाठी कोणाला उठवले जाते यावर ठरतो, हे दोन्हीकडे खरे आहे.

पंड्याला जुने आसन मिळाले नाही, त्याहून उंच मिळाले. रोहितला का उठवले, याचे पटेल असे स्पष्टीकरण चाहत्यांना मिळाले नाही. संघव्यवस्थापनाला तो अधिकार होता, यात शंका नाही. कदाचित क्रिकेटच्या दृष्टीने निर्णय योग्यही असेल. पण ज्यांच्या निष्ठेवर या संघाचे तिकीट, जर्सी आणि प्रक्षेपणाचे मोल उभे आहे, त्यांना या निर्णयात प्रेक्षक म्हणूनही स्थान नव्हते. महाराष्ट्रातील चाहत्यापुढे दुसरा पर्यायही नाही. पुणे वॉरियर्स २०१३नंतर आणि रायझिंग पुणे सुपरजायंट २०१७नंतर इतिहासजमा झाले. त्यामुळे वानखेडेची पायरीही न चढलेला जामखेड-खर्ड्याचा क्रिकेटवेडा ‘आपला संघ’ म्हणतो तो मुंबईलाच. हा ‘आपला’ शब्द मालकांना जाहिरातीत हवा असतो. निर्णयाच्या वेळी तो अडचणीचा ठरतो.

जर्मनीतील फुटबॉलमध्ये बहुतेक क्लबांत मतदानाचे बहुमत सभासदांकडे राहील, असा नियम आहे. तेथील चाहत्याला नाराजी व्यक्त करायला सर्वसाधारण सभा असते. आयपीएलच्या चाहत्याला सभासदत्व नाही, मत नाही, सभा नाही. त्याच्याकडे उरतो तो केवळ आवाज. म्हणूनच त्या हुर्योला निव्वळ असभ्यपणा म्हणून निकालात काढणे सोपे असले, तरी पुरेसे नाही. ती मत नसलेल्यांची मतपत्रिका होती.

मात्र ती चुकीच्या पेटीत पडली, हेही तितकेच खरे. रोहितला पदावरून दूर करण्याच्या पत्रकावर पंड्याची सही नव्हती. मैदानावर मात्र मालक नसतात, सल्लागार नसतात. असतो तो खेळाडू. शिव्या त्याच्याच वाट्याला येतात. हस्तांतरणासाठी खेळाडूची संमती आवश्यक असते हे मान्य केले, तरी या बाजारात त्याचे स्वातंत्र्य किती, याचे उत्तर रवींद्र जडेजाच्या कारकिर्दीत मिळते. राजस्थानशी करार असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल २०१०मध्ये त्याच्यावर वर्षभराची बंदी आली. नोव्हेंबर २०२५मध्ये संघांनी आपसांत बोलणी केली आणि तोच जडेजा चेन्नईहून पुन्हा राजस्थानला आला. संजू सॅमसन चेन्नईला गेला. या व्यवहारात जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. खेळाडूने स्वतः दार ठोठावले तर तो गुन्हा, मालकांनी दार उघडले तर तो व्यवहार. चेन्नईकरांना त्याचे जाणे कितीही जिव्हारी लागले, तरी त्यांच्या हातीही हळहळण्यापलीकडे काही नव्हते.

मुंबईचा राग पुढे ओसरला. २०२४च्या हंगामात संघ चौदापैकी केवळ चार सामने जिंकून तळाला गेला. पण २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनला ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पंड्याने अखेरच्या षटकात १६ धावांचे रक्षण केले. ४ जुलैला वानखेडेवर विश्वविजेत्यांचे स्वागत झाले, तेव्हा त्याच स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत हुर्योचा जयजयकार झाला. २०२५मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने बाद फेरी गाठली.

एका षटकाने खेळाडू निर्दोष ठरला, म्हणून प्रश्न सुटला असे नव्हे. पंड्याला माफ करताना प्रेक्षक हे विसरले की, त्याच्यावर रागावण्याचे कारण मुळात त्याच्याकडे नव्हतेच. दर नोव्हेंबरच्या आसपास खेळाडूंच्या अदलाबदलीच्या वार्ता येत राहतील, कोणी जाईल, कोणी परतेल. निर्णय घेणारे समोर येऊन कारण सांगत नाहीत आणि कर्णधाराचा निरोप सन्मानाने होत नाही, तोवर प्रत्येक परतीची किंमत नाणेफेकीला एकटा उभा असलेला खेळाडूच मोजत राहील.