उंची पावडरीने वाढत नाही

‘कोणत्याही वयात उंची वाढवा’ ही जाहिरात विरार लोकलच्या प्रवाशांना नवी नाही. वसई-नालासोपाऱ्यातले कितीतरी पालक तिच्यावर विश्वास ठेवतात. त्यांचा एक मुद्दा बिनतोड वाटतो : डच लोक दीडशे वर्षांत वीसेक सेंटिमीटरने उंच झाले, मग आपली मुले का होणार नाहीत?

आधी वयाचा दावा तपासू. वाढत्या मुलाच्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये पांढऱ्या हाडाच्या टोकाशी एक काळसर पट्टी दिसते. ती कूर्चेची. हाड लांब होते ते तिथेच. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे, मुलग्यांतही, ही कूर्चा हळूहळू हाडात मिटते. साधारणपणे मुलींची पंधराव्या, मुलग्यांची सतराव्या वर्षाच्या आसपास. त्यानंतर कोणतीही पावडर हाड लांबवू शकत नाही.

आणि शरीर हवे तेवढे वाढलेच, तर? गॅलिलिओने 1638 मध्येच उत्तर दिले. त्याच प्रमाणात उंची दुप्पट झाली, तर वजन आठपट होते, हाडाचा छेद मात्र चौपटच. म्हणजे हाडावरचा ताण दुप्पट. पीयूष ग्रंथीच्या विकाराने 272 सेंटिमीटरपर्यंत वाढलेल्या रॉबर्ट वॉडलोला चालायला पायांना आधारपट्ट्या लागत. त्यातल्या एका पट्टीने घोट्याला फोड आला, जंतुसंसर्ग झाला आणि 1940 मध्ये बाविसाव्या वर्षी तो गेला.

राहिला डचांचा दाखला. तिथे 2001 साली जन्मलेली पिढी 1980 च्या पिढीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने बुटकीच आहे. चांगल्या अन्नाने आणि आरोग्याने उंचीतली तूट भरते, मर्यादा ओलांडता येत नाही.

ही तूट आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतील कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत पोट भरले नाही, वारंवार जुलाब झाले, की खुंटलेली उंची पुढे सहसा भरून येत नाही. गरोदर मातांसाठी 2015 पासून अमृत आहार योजना आहे. पण पावसाळा सरताच जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि गावची अंगणवाडी मागे राहते.

म्हणून मागणी स्पष्ट आहे : आईचा आहार, बाळाची नोंद आणि वजनकाटा भट्टीपर्यंत पोहोचलाच पाहिजे. उंची वाढवायची खरी संधी त्या हजार दिवसांत आहे, आणि ती कुणाच्या गरिबीमुळे हुकू देणे हा अन्याय आहे.