रिग्रेटफुल की रिग्रेटेबल? ग्राहकाला उत्तर लिहिताना एवढं बघा

गूगलवरच्या वाईट रिव्ह्यूला उत्तर कसं द्यायचं, हे व्हिडिओत सांगितलंच आहे. त्यातला एक शब्द मात्र निवांत समजून घेण्यासारखा आहे, म्हणून इथे लिहितो.

बऱ्याच दुकानदारांच्या उत्तरात असं वाक्य दिसतं: 'धिस इज व्हेरी रिग्रेटफुल.' हे चुकीचं आहे. रिग्रेटफुल असतो माणूस, म्हणजे ज्याला वाईट वाटतंय तो. घडलेली गोष्ट असते रिग्रेटेबल. मराठीत हा फरक आपण न शिकता पाळतो. 'मी दिलगीर आहे' म्हणतो आणि 'प्रकार खेदजनक आहे' म्हणतो. 'प्रकार दिलगीर आहे' असं कोणी म्हणतं का?

स्पेलिंगचंही बघून घ्या. रिग्रेटफुलमध्ये टी एकच, आणि शेवटी एल पण एकच. रिग्रेटेबलमध्ये मात्र टी दोनदा येतो: आर-ई-जी-आर-ई-टी-टी-ए-बी-एल-ई. कारण सोपं आहे. रिग्रेट म्हणताना जोर शेवटच्या भागावर येतो, आणि पुढचा प्रत्यय स्वराने सुरू झाला की टी डबल होतो. रिग्रेटेड, रिग्रेटिंगमध्येही तसंच. 'फुल' व्यंजनाने सुरू होतो, म्हणून तिथे नाही.

आता माझं खरं म्हणणं. समजा, रिसोडच्या एका ताईंनी बारशासाठी केक सांगितला आणि त्यावर बाळाचं नाव चुकीचं पडलं. तुम्ही लिहिलं, 'द इन्सिडंट इज रिग्रेटेबल.' व्याकरण एकदम बरोबर. पण या वाक्यात तुम्ही कुठे आहात? वाईट काहीतरी घडलं, जसं सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस पडला. ज्यांच्या घरचा कार्यक्रम बिघडला, त्यांना हे लगेच कळतं.

मोठी माणसंही शब्द असेच मोजून वापरतात. 13 एप्रिल 1919 च्या जालियनवाला बाग हत्याकांडाबद्दल ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे एप्रिल 2019 मध्ये त्यांच्या संसदेत बोलल्या. खोल खेद व्यक्त केला, पण माफी मागितली नाही. शंभर वर्षं झाली तरी भारतात लोकांनी हा फरक बरोबर ओळखला. आपला ग्राहक का नाही ओळखणार?

म्हणून माझं मत असं: आपल्या हातून चूक झाली असेल तर रिग्रेटेबल वापरूच नका. 'वुई आर सॉरी' लिहा, काय चुकलं ते लिहा आणि कधीपर्यंत भरून देणार ते लिहा. रिग्रेटेबल ठेवा आपल्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे रस्ता बंद पडला, ट्रान्सपोर्टचा संप झाला वगैरे. काही जण म्हणतात, चूक कबूल केली की ग्राहक डोक्यावर बसतो. एखादा बसतोही. पण तो रिव्ह्यू पुढे शंभर जण वाचतात, आणि ते तुमचं उत्तर बघूनच ठरवतात. आणि हो, ग्राहकाने मराठीत लिहिलं असेल तर उत्तर मराठीतच द्या. वाशिमच्या माणसाला वाशिमच्या दुकानातून इंग्रजी माफी कशाला?

इंग्रजी लागतं ते कंपन्यांशी आणि बँकेशी. तिथे रिग्रेटचा अर्थच वेगळा होतो. परचेसवाल्यांच्या भाषेत 'रिग्रेट लेटर' म्हणजे आम्ही या मालाचा भाव देऊ शकत नाही. तुम्हाला एखादी इन्क्वायरी झेपत नसेल तर गप्प बसू नका, दोन ओळींचं रिग्रेट पाठवा, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला विचारतील तरी. आणि कर्जाच्या अर्जावर 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू' असं आलं तर तो सरळ नकार आहे, पुढचं गोड बोलणं वाचत बसू नका. नकाराचं कारण लेखी मागा. कागद कमी पडले, सिबिल आडवं आलं की प्रोजेक्ट रिपोर्ट पटला नाही, हे कळल्याशिवाय तीच फाइल दुसऱ्या बँकेत नेऊ नका.