रस्त्याचे पैसे कोण भरणार?

बालमित्रांनो,

परवा आमच्या शेजाऱ्यांनी विजेवर चालणारी नवीकोरी मोटार आणली. नारळ फुटला, पेढे वाटले. "अय्या, आवाजच नाही हिला!" म्हणत सगळी पोरं तिच्याभोवती जमली. माझी सातवीतली पुतणी मात्र गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "काका, पेट्रोलच्या किमतीत रस्त्याचेही पैसे असतात ना? आई स्कूटरवर कामाला जाते, ती ते भरते. मग ही मोटार काय भरणार?"

आहे की नाही बिनतोड प्रश्न?

ही रीत फार जुनी. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी एक समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या सूचनेवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर जादा कर बसला आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला. हिशेब सोपा : जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळेल, म्हणून जास्त भरेल. २०१८ च्या अर्थसंकल्पातही पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे ८ रुपये रस्ते उपकर ठेवला होता.

विजेच्या गाड्या धूर सोडत नाहीत, म्हणून सरकार त्यांना सवलत देतं. २०२५ मध्ये महाराष्ट्राने अटल सेतूवर त्यांचा टोल माफ केला. गाड्या थोड्या असतात तोवर हे ठीक. पण उद्या सगळे तिकडे वळले तर? निधी आटेल, आणि भरत राहील तो, ज्याला नवी गाडी परवडत नाही!

"मग विजेवर कर लावा," पुतणी म्हणाली. पण घरात पंखा, मिक्सर आणि मोटार एकाच मीटरवर. वेगळं कसं काढायचं?

न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. १ एप्रिल २०२४ पासून तिथे विजेच्या मोटारीला १००० किलोमीटरमागे ७६ डॉलर भरावे लागू लागले. आइसलँडनेही त्याच वर्षी किलोमीटरमागे ६ क्रोना घ्यायला सुरुवात केली.

आता वजनाचं पाहा. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक पळवले. तेव्हा कळलं, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण १६ पट होते! म्हणजे अंतराबरोबर वजनही मोजायला हवं. पण ट्रकवर कर वाढला की भाजी महागणार, हेही खरं. आणि आडगावातल्या माणसाला दवाखाना गाठायलाच चाळीस किलोमीटर जावं लागतं, त्याचं काय?

पुतणी म्हणाली, "काका, सगळ्यांना सारखं म्हणजे न्याय नव्हे!" मी तिची पाठ थोपटली.

आता तुमचं काम. घरच्या गाडीचे किलोमीटर आज वहीत लिहा, महिन्याने पुन्हा पाहा. किलोमीटरमागे ५० पैसे धरले तर किती होतील? ५०० किलोमीटरचे २५० रुपये. एवढे भरणं योग्य वाटतं का? गाडी नसेल तर बसने किती फिरलात ते मांडा. रात्री जेवताना आईबाबांशी वाद घाला. भांडण मात्र नको हं!

तुमचा,
काका