‘घाबरू नका’ म्हणणाऱ्यांनो, पत्र्यावरचा दगड बघा

जमीन हलली की या देशात दोन आवाज ऐकू येतात. एक जमिनीच्या पोटातून. दुसरा कचेरीतून. पहिला गुरगुरतो. दुसरा म्हणतो, ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’

पहिल्यापुढे कोणाचं काही चालत नाही. माझं भांडण दुसऱ्याशी आहे.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्हा हलला. ४.५ चा धक्का. दहा-अकरा मिनिटांनी दुसरा, ३.६ चा. नांदेड-परभणीपर्यंत माणसं अंगणात आली. १० जुलैला पुन्हा ४.५. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या आसपास तर कैक वर्षांपासून जमिनीखालून आवाज येतात. तिथल्या बाया भांडी वाजली की लेकरू काखेत मारून बाहेर येतात. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या नागपूर जिल्ह्यातही ओळीनं तीन दिवस बारके धक्के यंत्रांनी टिपले. अडीच-पावणेतीनच्या आसपासचे. आता आमच्या सावनेरच्या पट्ट्यात खाली कोळशाच्या खाणी. काही थरथरलं की टपरीवर शहाणा माणूस म्हणणारच, ‘काहून घाबरता बाप्पा, सुरुंग असन खाणीतला.’

असन. पण भिंतीला काय कळते सुरुंग कोणता अन् भूकंप कोणता? चीर पडायची ती पडतेच.

मी जिनिंगमधला कामगार. कापसाच्या हंगामात आमच्या पायाखालची फरशी पाळीभर हलत असते. तरी कोणता रेचा नीट चाललाय आणि कोणाचं बेअरिंग गेलंय हे आमच्या तळपायाला कळतं. आवाज बदलला की माणूस ओरडतो. तेव्हा फिटर येऊन ‘घाबरू नका’ असं भाषण करत नाही. तो मशीन बंद करतो, झाकण काढतो, आत बघतो. एवढी साधी अक्कल आहे ही. मग गावाच्या गावं ओरडत असताना आत बघायला कोणी का येत नाही?

दोस्तहो, किल्लारीची गोष्ट आपल्याला अर्धीच सांगितली जाते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून गावं झोपली होती. सहाच्या वरचा धक्का. लातूर-उस्मानाबादची गावं जमिनीला मिळाली. सरकारी आकडाच आठ हजारांच्या घरातला. हे सगळ्यांना माहीत. पण त्याच्या आधीचं वर्ष? १९९२ च्या ऑगस्टपासून १९९३ च्या मार्चपर्यंत किल्लारीत शंभराच्या वर धक्के बसले. ऑक्टोबरात त्यातला एक चांगलाच जोराचा. लोक बाहेर झोपत होते. गाव हलवा म्हणत होते. आणि सरकारी नकाशा काय म्हणत होता? हा भाग एक नंबरच्या पट्ट्यात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. गावच्या म्हातारीचा तळपाय खोटा, नकाशा खरा! पुढे २००२ साली नकाशा बदलला आणि किल्लारी तीन नंबरच्या पट्ट्यात गेली. नकाशाला शहाणपण यायला नऊ वर्षं आणि एवढी मढी लागली.

हे म्हणणाऱ्यांना मी अडाणी दिसेन. ‘अरे पोरा, भूकंपाची तारीख आधी सांगता येत नाही.’ मान्य. शंभर टक्के मान्य. कोणताही शास्त्रज्ञ तारीख सांगू शकत नाही आणि जो बुवा सांगतो त्याला गावच्या वेशीवरून परत धाडा. ‘अमुक रात्री मोठा येणार’ म्हणून अफवा पिकवणारा आणि वर ताईत विकणारा हाही आमचा शत्रूच. पण साहेब, ‘येणार’ हे सांगता येत नसेल, तर ‘येणार नाही’ हे तुम्ही कोणत्या पोथीतून सांगता?

इटलीत हेच झालं. लाक्विला नावाचं गाव. महिनोन् महिने बारके धक्के. लोक हैराण. ३१ मार्च २००९ ला तज्ज्ञांची बैठक बसली आणि एका अधिकाऱ्यानं लोकांना दिलासा दिला, निवांत वाइन प्या म्हणाला. ६ एप्रिलच्या पहाटे गाव कोसळलं. ३०९ माणसं मेली. तिकडच्या जुन्या लोकांची रीत अशी की धक्का बसला की रात्र बाहेर काढायची. त्या रात्री दिलाशावर भरवसा ठेवून काही घरं आतच झोपली, असं मेलेल्यांच्या नातेवाइकांनी कोर्टात सांगितलं. २०१२ साली सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी अशा सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ ला अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. शास्त्रज्ञ सुटले हे माझ्या मते बरोबरच. भूकंप ओळखता आला नाही हा गुन्हा होऊच शकत नाही. पण दिलासा फुकट वाटता येत नाही, त्याचा हिशेब द्यावा लागतो, हे तिथल्या कोर्टानं ऐकून तरी घेतलं. किल्लारीच्या दिलाशाचा हिशेब आपल्याकडे कोणी मागितला?

आणि मोठा भूकंप होऊन गेल्यावरची भीती? तिला तर हे लोक सरळ वेड ठरवतात. मोठा येऊन गेला, आता काय उरलं, झोपा घरात!

उरतं काय ते मी सांगतो. जमिनीखाली खडक एका जागी फाटला की आजूबाजूच्या खडकावर नवा ताण बसतो. तो सैल होईपर्यंत धक्के येत राहतात. ओमोरी नावाच्या जपानी माणसानं १८९४ सालीच त्याचा हिशेब मांडला. ढोबळमानानं पहिल्या दिवशी शंभर धक्के असले तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास. म्हणजे संख्या घटते, पण शेपूट लांब असते, महिनोन् महिने. आणि नंतरच्या धक्क्यांतला सगळ्यात मोठा बहुधा पहिल्यापेक्षा एक-सव्वा अंकानं कमी असतो. बहुधा! नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा झाला आणि सतरा दिवसांनी, १२ मेला, ७.३ चा. लोक नुकते घरात जायला लागले होते. त्या दुसऱ्यानं शेकडो बळी घेतले. शिवाय पहिल्या धक्क्यानं खिळखिळ्या झालेल्या भिंतीला पाडायला मोठा भूकंप लागत नाही. तिला चारचाही पुरतो.

एवढं सांगायला चौथी पास माणसालाही अर्धा तास पुरे. तेवढा अर्धा तास गावच्या चावडीवर बसून सांगा की! पण सांगत नाहीत. कारण त्यांच्या लेखी आम्ही समजून घेणारे नाहीच, आम्ही फक्त घाबरणारे. ज्ञान वरच्यांना आणि धीर खालच्यांना, ही वाटणी फार जुनी आहे. आमच्या आज्या-पणज्यांनाही कोणी शिकवलं नाही, फक्त गप्प बसायला सांगितलं.

जुन्यातलीच आणखी एक. १५ जानेवारी १९३४ ला बिहार हललं, हजारो मेले. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची देवानं दिलेली शिक्षा. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, तरी गांधीजी हटले नाहीत. मी विचारतो, त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्य नव्हते काय? ते कोणाच्या पापाची शिक्षा भोगत होते? आमच्या बाजूनं बोलायलासुद्धा यांना आमच्या मढ्यावर उभं राहावं लागतं. नको असली सहानुभूती. बाबासाहेबांनी आम्हाला नागपुरात १९५६ साली जो धम्म दिला त्यात दुःखाला कारण असतं, आणि कारण शोधायचं असतं. देवाचा कोप हे कारण नव्हे.

मग शोधू कारण. किल्लारीत माणसं कशानं मेली? जमीन फाटून तिच्यात कोणी गडप झालं नाही. घरांनी मारलं. दोन बाजूंनी दगड, मधे सैल भर, चिखलाचा सांधा, आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. ते वजन झोपलेल्या छातीवर आलं. गावाबाहेरच्या कुडाच्या आणि गवताच्या झोपड्या मात्र तगल्या, तिथली माणसं जास्त वाचली. जन्मभर ज्या झोपडीनं आमची लाज काढली तिनंच त्या पहाटे जीव राखला. जमिनीनं जात पाहिली नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

जात नंतर आली. मोजपट्टी घेऊन आली.

जागतिक बँकेचं कर्ज आलं, ५२ गावं नव्या जागी बसवायची ठरली. कोणाला केवढं घर? भूमिहीन आणि हेक्टरभर जमीनवाला, त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सातच्या वर ज्याची जमीन त्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणून सारखं केलं होतं. सरकारनं पुन्हा पायऱ्या बांधल्या. भूमिहीनाचं मेलेलं पोर तिप्पट छोटं होतं का रे? कोणी म्हणेल, कागदावर जात कुठे विचारली? नाही विचारली. सात-बारा विचारला. या मुलखात सात-बारा विचारला की जात आपोआप कळते.

याच मराठवाड्यात १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आमच्या वस्त्या जळाल्या. तेव्हा जमीन जागच्या जागी होती. एक हादरा बसला की पुढच्याची वाट बघत रात्र काढायची, लेकरं अंगाशी धरून कानोसा घ्यायचा, हे आम्हाला कोणत्या भूकंपानं शिकवलेलं नाही. म्हणून सांगतो, आमच्या भीतीला अडाणी म्हणू नका. ती फार शिकलेली आहे.

पालघरचं बघा. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली. धुंदलवाडीच्या आजूबाजूचे आदिवासी ऐन थंडीत बाहेर झोपले. सरकारनं तंबू दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्यानं घाबरून पळापळ झाली त्यात एक लहान लेकरू पडून मेलं. घर पडलं नाही, तरी भूकंपानं बळी घेतलाच ना? आणि कोयना? ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरण भरायला लागल्यापासूनच तिथं जमीन कुरकुरत होती. त्यानंतर अर्धं शतक उलटलं तरी धक्के थांबलेले नाहीत. तेव्हाची पोरं आजोबा झाली. तिथली वीज मुंबईच्या कारखान्यांना गेली. भीती तेवढी तिथंच ठेवली.

आता त्या दगडाकडे येतो. हिंगोलीच्या धक्क्यानंतर प्रशासनानं लोकांना सांगितलं, पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, धक्क्यानं अंगावर पडतील. सूचना बरोबर आहे. मी तिला हसणार नाही. पण तो दगड वर गेला कसा? हौसेनं गेला? पत्रा घट्ट बसवायला खाली लोखंडी नळी पाहिजे, हूक-बोल्ट पाहिजेत, मिस्त्री पाहिजे. ते परवडत नाही म्हणून दगड. दगड काढला तर उन्हाळ्याच्या वावटळीत पत्रा उडतो. ठेवला तर भूकंपात डोकं फुटतं. गरिबाच्या घरात दर मोसमाचं मरण वेगळं ठेवलेलं असतं. ‘दगड काढा’ म्हणणाऱ्यानं सोबत बोल्ट आणला असता तर ती सूचना माणुसकीची झाली असती. नुसत्या तोंडी सूचनेचा अर्थ एवढाच की उद्या मेलास तर म्हणायला मोकळे, ‘आम्ही सांगितलं होतं.’

तसंच बाहेर झोपण्याचं. बाहेर झोपा म्हणणं सोपं. रात्रभर डासांत, सापाच्या भीतीत डोळे उघडे ठेवून सकाळच्या पाळीला रेच्याजवळ हात घालायचा असतो आम्हाला. झोपेच्या गुंगीत बोटं जातात. भूकंपाच्या नोंदीत ती बोटं येत नाहीत. रोज बुडाला तर चूल बुडते. भीतीची किंमत कोणी कधी मोजली?

म्हणून आम्ही दिलासा मागत नाही. आम्ही मागतो ते असं. जिथं धक्के सुरू असतील त्या भागात मोजायची यंत्रं बसवा आणि त्यांचे आकडे रोज चावडीवर, शाळेच्या फळ्यावर, मराठीत लिहा. खाणीच्या सुरुंगाची वेळ आणि ताकद आधी जाहीर करा, म्हणजे कोणता थरकाप कोणाचा हे आम्हीच ताडून बघू. माळवदाची माती कमी करायला, भिंतीत आरपार दगड घालायला, वरून चारी बाजूंनी पट्टा बांधायला, पत्र्याला बोल्ट मारायला पैसा द्या. हे सगळं किल्लारीनंतर इंजिनियर लोकांनी लिहून ठेवलंय, नवा शोध लावायचा नाही. धक्के चालू असतील तेवढे दिवस मजुराला रोज द्या. आणि पुन्हा कधी घरं बांधायची वेळ आली तर मोजपट्टी माणसं मोजून लावा, जमीन मोजून नको.

आमचं नागपूर २००२ च्या नकाशात सगळ्यात खालच्या पट्ट्यात आहे. कोणी म्हणेल, तुला कशाला उठाठेव? भाऊ, किल्लारीही सगळ्यात खालच्याच पट्ट्यात होती. आणि २२ मे १९९७ ला वर जबलपूर ५.८ नं हललं तेव्हा इकडे नागपुरातही माणसं रस्त्यावर आली होती. खडकाला जिल्ह्याची हद्द माहीत नसते.

ज्यांच्या घराला कॉलम-बीम आहे त्यांनी खुशाल धीर धरावा. आम्ही घाबरणार. घाबरून बाहेर येणार. बाहेर आलो की एकमेकांना दिसणार, किती जण आहोत ते मोजणार. आणि मग सगळे मिळून कचेरीच्या दारात येऊन विचारणार, बोल्ट कुठे आहेत?