विश्लेषण : घोड्याच्या फुप्फुसातली गाठ कर्करोगाचीच असते का?

समजा, केळशीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा म्हातारा घोडा महिनोन् महिने खोकतोय, दोन फेऱ्यांतच धापा टाकतोय. सर्दी, धूळ, दमा ही कारणं आधी सुचतात आणि बहुतेक वेळा खरीही ठरतात. फुप्फुसातली गाठ घोड्यांत दुर्मीळ. पण असलीच, तर ती कसली हे कळणं मालकाच्या जिवासाठीही महत्त्वाचं आहे.

गाठी कोणत्या?

फुप्फुसातच सुरू होणाऱ्या गाठींत सर्वाधिक नोंदली गेलेली म्हणजे ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर’. ती बहुधा उजव्या फुप्फुसात, श्वासनलिकेच्या फांदीला लागून वाढते, नळीत शिरते आणि हवेची वाट अडवते. सूक्ष्मदर्शकाखाली दाणेदार, मोठ्या पेशी दिसतात. त्या मज्जातंतूंच्या आवरणातून येतात असं मानलं जातं. वाढ संथ, इतरत्र पसरणं विरळ.

दुसरा प्रकार बाहेरून येणारा. वरातीत मागणी असलेले पांढरे घोडे बहुतेकदा जन्मतः गडद असतात, वयानुसार पांढरे होतात. त्यामागचा जनुकीय बदल २००८ मध्ये सापडला. तोच मेलानोमाचा धोकाही वाढवतो. शेपटीखाली काळ्या गाठी येतात, काही घोड्यांत त्या फुप्फुसापर्यंत पोहोचतात. कापल्यावर आतून शाईसारख्या काळ्या!

मग धोका कुठे?

गाठीसारखं दिसणारं सगळं ट्यूमर नसतं. ग्लँडर्स या जिवाणूजन्य रोगातही फुप्फुसात गाठी होतात, नाकात व्रण पडतात. २००६ मध्ये पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत तो आढळला होता. हा रोग माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे शंका असेल तर शव फाडायचंच नाही. घोडा जिवंत असतानाच रक्त तपासायचं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते.

ग्लँडर्स नाही हे ठरल्यावर मात्र शवविच्छेदन टाळू नये. ‘म्हातारा होता, गेला’ म्हणून प्रकरण मिटवलं की पुढच्या खोकणाऱ्या घोड्याबद्दल काहीच कळत नाही. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवर घोडा न्यायची गरज नाही, गाठीचा तुकडा पुरतो. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याने तो १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवून पाठवावा. बर्फात गोठवला तर पेशी फुटतात आणि काचपट्टीवर काही वाचता येत नाही.