बटण दोनदा दाबलं, गुन्हा कुणाचा?

फ्रंटएंड (समोरची स्क्रीन) मोठं की बॅकएंड (मागचा सर्व्हर), यावर तावातावाने भांडणाऱ्या प्रोग्रामरांना पलसाण्याच्या एखाद्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये आठवडाभर डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं पाहिजे. कापड सुकवणाऱ्या स्टेंटरची धग भिंतीपलीकडून येते, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत असतो, नेट घटकेत येतं, घटकेत जातं. तिथे बसून सकाळपासून रात्रीपर्यंत चलान करावीत. त्यानंतरही ज्याला हा वाद घालावासा वाटेल, त्याच्याशी मी बोलायला तयार आहे.

मी याच पट्ट्यातला. सुरत जिल्ह्यातला पलसाणा तालुका म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, कडोदऱ्याचा गजबजाट, चलथाणचा साखर कारखाना आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापडाच्या मिला. उधना-जळगाव रेल्वेलाइन चलथाण, गंगाधरा करत पुढे बारडोलीकडे जाते, आणि तीच लाइन धरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची माणसं पोटामागे इकडे आली. आमचंही घर तसंच आलं. मी मिलांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. व्यापाऱ्याकडून ग्रे (कोरं) कापड आलं की लॉट नंबर, मग रंगाई-छपाई, फोल्डिंग, पॅकिंग, डिलिव्हरी चलान, शेवटी जॉबचं बिल. हजारो मीटर कापड रोज आत येतं, बाहेर जातं, आणि त्याचा हिशेब एका स्क्रीनवर उभा असतो.

इथल्याच एका मिलमध्ये, दुसऱ्या कुणी बसवलेल्या सॉफ्टवेअरचा घोळ बघायला मला बोलावलं होतं. 96 ताक्यांचा लॉट. त्यातले 48 ताके तयार झाले, म्हणून डिस्पॅचच्या क्लार्कने तेवढ्याचं चलान भरलं आणि ‘सेव्ह’ दाबलं. स्क्रीन ढिम्म. ना गोल फिरलं, ना अक्षर उमटलं. त्याने पुन्हा दाबलं. चलान दोन झाली, छापून एकच आलं. संगणकाच्या लेखी 96 च्या 96 ताके गेले आणि लॉट बंद झाला. उरलेला माल तयार होऊन गोदामात दुसऱ्या लॉटच्या मागे पडून राहिला, कारण बंद लॉटचं चलानच निघेना. काही दिवसांनी सुरतच्या रिंग रोडच्या मार्केटमधून व्यापाऱ्याचा फोन आला, बाकीचा माल कुठाय? संगणक म्हणे दिला, व्यापारी म्हणे मिळाला नाही. अशा वेळी मिलमध्ये बोट एकाच माणसाकडे जातं. ज्याच्या नावाचं लॉगिन, तो चोर. शेठने त्याचा पगार अडकवून ठेवला होता. शिंदखेड्याकडचा माणूस, मला म्हणाला, “भाऊ, दाबलं तर काहीच होईना. म्हटलं लागलं नसेल, म्हणून परत दाबलं.” तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

आता ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं त्यांची बोलणी ऐका. फोनवर दोघेही होते. बॅकएंडवाला म्हणाला, एकदा दाबल्यावर बटण बंद करणं हे फ्रंटएंडचं काम, आमचा सर्व्हर बरोबर चालला, दोन रिक्वेस्ट आल्या, दोन नोंदी झाल्या. फ्रंटएंडवाला म्हणाला, तीच रिक्वेस्ट दुसऱ्यांदा आली हे एपीआयला ओळखता येऊ नये? दोघांच्याही कोडवर रिव्ह्यू झालेला, दोघांच्याही टेस्ट हिरव्या. दोघांनी आपापलं तक्रारीचं तिकीट बंद केलं. क्लार्कचा पगार कुणाच्याच तिकिटात नव्हता.

दोघेही अर्धं खरं बोलत होते, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आहे. बटण बंद करणं ही सभ्यता आहे, सुरक्षा नव्हे. नेट मध्येच तुटलं की उत्तर न मिळाल्याने ब्राउझर किंवा मधलं एखादं यंत्र तीच रिक्वेस्ट स्वतःहून पुन्हा पाठवू शकतं, माणसाने एकदाच दाबलं तरी. तेव्हा दुबार नोंद अडवायची ती सर्व्हरलाच. पण सर्व्हरने ओळखायचं कसं? 48 ताक्यांची दोन खरीखुरी चलान एकाच दिवशी निघू शकतात. त्यासाठी फॉर्म उघडताक्षणी स्क्रीनने त्या चलानाला स्वतःचा एकमेव क्रमांक द्यावा लागतो आणि कितीही वेळा पाठवलं तरी तोच क्रमांक सोबत जावा लागतो. सर्व्हरने तो क्रमांक पूर्वी पाहिला असेल तर नवी नोंद न करता पहिलंच उत्तर परत द्यायचं. मग स्क्रीनने ते उत्तर माणसाला समजेल अशा शब्दांत सांगायचं, ‘चलान झालं आहे, पुन्हा दाबू नका.’ या उपायातला कोणता तुकडा फ्रंटएंडचा आणि कोणता बॅकएंडचा, ते मला कुणी वेगळं काढून दाखवावं. अर्धा इकडे केला आणि अर्धा तिकडे सोडला तर उपाय उरतच नाही. पैसे भरून घेणाऱ्या कंपन्या कित्येक वर्षं हेच करत आल्या आहेत. यात नवं शोधायचं काही नाही, दोन माणसांनी एका टेबलाशी बसायचं आहे.

ही पलसाण्यापुरती गोष्ट आहे असं कुणी समजू नये. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात फुजित्सूची ‘होरायझन’ नावाची प्रणाली होती. ऑक्टोबर 2015 मध्ये स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन इथल्या पोस्टात एक बाई 8,000 पौंडांची रक्कम दुसऱ्या केंद्रावर नोंदवत होत्या. स्क्रीन अडकली, त्यांनी एंटर पुन्हा पुन्हा दाबलं, आणि नोंद चार वेळा झाली. हिशेबात 24,000 पौंडांची तूट. आमच्या क्लार्कचीच गोष्ट, फक्त ताक्यांच्या जागी पौंड. याच प्रणालीतल्या वेगवेगळ्या दोषांनी दाखवलेल्या खोट्या तुटींमुळे 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक पोस्टचालक दोषी ठरले. त्यांतल्या भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा 2010 मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला एप्रिल 2021 उजाडलं. इंग्लंडच्या न्यायालयात संगणक बरोबर चालतो हे गृहीत, आणि तो चुकला हे सिद्ध करायचं त्याच्यापुढे बसलेल्या माणसाने.

‘फ्रंटएंड म्हणजे काय, रंग लावायचे’ असं म्हणणाऱ्यांची जीभ मला विशेष खटकते. त्यांनी सिटीबँकेचं प्रकरण वाचावं. ऑगस्ट 2020 मध्ये रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं थोडं व्याज द्यायचं होतं. बँकेकडून गेले सुमारे 90 कोटी डॉलर. सर्व्हरने काहीही चुकीचं केलं नाही, सांगितलं तेवढंच केलं. पैसे बाहेर जाऊ नयेत म्हणून स्क्रीनवर तीन चौकटींत खूण करायची होती आणि त्या चौकटींची नावं होती ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’. भरणाऱ्याने एकाच चौकटीत खूण केली. तपासणाऱ्याने पाहिलं, मंजुरी देणाऱ्याने पाहिलं, तिघांनाही बरोबर वाटलं. ते सॉफ्टवेअर म्हणजे फ्लेक्सक्यूब, मूळचं आपल्या मुंबईच्या आय-फ्लेक्सचं, पुढे ओरॅकलकडे गेलेलं. पैसे परत मिळवायला बँकेला कोर्टात जावं लागलं. फेब्रुवारी 2021 मध्ये निकाल विरोधात गेला आणि सप्टेंबर 2022 मध्ये अपिलात फिरला. तीन चौकटींची नावं नीट न ठेवण्याची ही किंमत, आणि ते काम कमी प्रतीचं म्हणे!

ही कमी प्रत ठरवली कुणी? 1995 मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. ब्राउझरात बारीकसारीक कामं करायला म्हणून आलेल्या या भाषेला सर्व्हरवाल्यांनी पोरखेळ ठरवलं. 2009 मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं आणि तीच भाषा सर्व्हरवर सर्रास चालू लागली. भाषेची भिंत पडली, पण माणसांच्या डोक्यातली उतरंड तशीच राहिली. डेटाबेसजवळ बसेल तो वरचा, माणसाजवळ बसेल तो खालचा. ज्या देशात माणसाला हात लावणाऱ्या कामाला शतकानुशतकं कमी लेखलं गेलं, तिथे या उतरंडीला किती चटकन जागा मिळाली हे मला भयंकर वाटतं. आणि फ्रंटएंडवाले काही कमी नाहीत. दरवर्षी नवं फ्रेमवर्क, जुनं वापरणारा मागासलेला, आणि मिलमधल्या सात-आठ वर्षं जुन्या पीसीवर पान उघडायला मिनिट लागतं, त्याची कुणाला फिकीर नाही. त्यांच्या मशीनवर पटकन उघडतं, विषय संपला.

कोड लिहिण्याच्या पद्धतींवर वाद घालू नयेत असं मी म्हणत नाही. 1968 मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ विरुद्ध पत्र लिहिलं, तेव्हा त्यांचा मुद्दा माणसाच्या आकलनाचा होता. चालता प्रोग्राम डोळ्यांपुढे आणणं आपल्याला अवघड जातं, तेव्हा कोड असा लिहावा की तो आणता येईल. त्या वादाला माणसाचं मोजमाप होतं. आज टॅब की स्पेस, फंक्शन दहा ओळींचं की वीस, यावर शनिवार-रविवार जातात. पण चूक झाल्याचा संदेश गुजरातीत, हिंदीत की मराठीत दाखवायचा यावर एकही मीटिंग झालेली मी पाहिली नाही. आमच्या मिलांमध्ये ओडिया, भोजपुरी, गुजराती, अहिराणी ऐकू येते आणि स्क्रीन इंग्रजीत किंचाळते, ‘समथिंग वेंट राँग’. काय राँग, कुणाचं राँग, आता त्याने करायचं काय?

कोविडच्या लसनोंदणीचं कोविन पोर्टल आठवा. 28 एप्रिल 2021 ला 18 ते 44 वयोगटाची नोंदणी उघडली. ज्यांना कोड लिहिता येत होता त्यांनी मोकळ्या जागा हेरणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्यांना लस मिळाली. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. 31 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाला सरकारला विचारावं लागलं की ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, त्या खेड्यापाड्यांतल्या माणसाने करायचं काय. सर्व्हरने किती लोड पेलला याचे गोडवे आमच्या धंद्यात अजून गायले जातात. लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस त्या लोडमध्ये होता का, हे विचारलं की समोरचा गप्प.

सुरतमधल्या उधना, लिंबायत, डिंडोलीकडे ‘फुल स्टॅक’च्या क्लासचे बोर्ड लागलेत. मिलमध्ये आणि लूमवर राबणाऱ्यांची पोरं कर्ज काढून तिथे जातात. त्यांना पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की कुठल्या बाजूला पगार जास्त. या पोरांच्या बापांनी चलानाच्या पुस्तकात कार्बन घालून आकडे लिहिले आहेत, एक आकडा चुकला तर काय होतं ते त्यांच्या घरात ठाऊक आहे. ते ज्ञान घेऊन आलेल्या मुलाला आम्ही ‘तू कुठल्या टोळीचा’ एवढंच विचारणार असू, तर आम्हाला लाज वाटली पाहिजे.

त्या क्लार्कवर ज्याचा आळ आला तो माल गोदामात सापडला, मधल्या काळात अडकलेला पगारही सुटला. ‘चोर’ हा शब्द मात्र कुणी परत घेतला नाही. आणि समजा माल सापडलाच नसता, प्रकरण पोलिसांत, कोर्टात गेलं असतं? भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63, जे 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्यानुसार संगणकातली नोंद पुरावा म्हणून मांडायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. यंत्र त्या काळात नीट चालत होतं हे त्यात लिहून द्यावं लागतं, खाली यंत्र सांभाळणाऱ्याची सही आणि तज्ज्ञाचीही. फोनवरच्या त्या दोघांना मी हे सांगितलं. 96 ताके खरोखर गेले, नोंद बरोबर आहे, असं लिहून तुमच्यापैकी कोण सही करणार, असं विचारलं. बॅकएंडवाला म्हणाला, स्क्रीनचं मी कसं सांगू. फ्रंटएंडवाला म्हणाला, डेटाबेसचं मी कसं सांगू. त्या सॉफ्टवेअरवर दिवसभर लॉगिन तिसऱ्याच माणसाचं, त्या क्लार्कचं होतं, आणि त्याला या दोघांपैकी कुणीच काही विचारलं नव्हतं.